पनवेलचे चाक : झीज आणि दुरुस्ती

१८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला आणि देशावरचा माल बैलगाड्यांनी पनवेल बंदरात उतरू लागला. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटिअरनुसार गाडीची चाके हा पनवेलचा मुख्य उद्योग होता. देशावर परतणारा बहुतेक प्रत्येक गाडीवान येथून नव्या चाकांची जोडी नेत असे.

या खरेदीचे कारण झिजेत शोधावे लागते. स्प्रिंग नसलेल्या गाडीचा प्रत्येक हादरा थेट आस व तुंबा यांवर येई. वंगण आटले की तुंब्याचे भोक रुंदावे, चाक डुगडुगू लागे, आरे ढिले पडत. मोटारीत ही घासण बेअरिंगमधील पोलादी गोळ्यांनी कमी केली, हादरे स्प्रिंग व शॉक अ‍ॅब्सॉर्बर झेलू लागले; तथापि गाडी जॅकवर उचलून, चाक वरखाली धरून हलविण्याची गॅरेजमधील परीक्षा त्याच ढिलाईचा शोध घेते. वेगाबरोबर वाढणारी घरघर ही तिचीच दुसरी खूण. फरक दुरुस्तीत आहे. तुटलेला आरा सुतार नवा बसवी. झिजलेले बेअरिंग मात्र बदलावेच लागते.

१८६३ मध्ये रेल्वे कर्जतमार्गे घाट चढली. तरीही सुमारे वीस वर्षांनंतर गॅझेटिअरकारांना पनवेलची चाके नोंदवावीशी वाटली, हे लक्षणीय होय. ती घडविणाऱ्या सुतार-लोहारांची नावे मात्र त्या नोंदीत नाहीत.