शेवटचा फेरा

खरेदीखताच्या आदल्या दिवशी मी आजऱ्यातले ते जुने घर शेवटचे पाहायला गेलो. साठेखत वैशाखात झाले होते. आता आषाढ लागला होता आणि हिरण्यकेशी दुथडी भरून चालली होती. जांभ्याच्या भिंतींना चुन्याचा ताजा हात दिलेला होता.

वस्तू पारखून घेण्याचा हक्क आपल्याकडे फार जुना. याज्ञवल्क्याने पारखीच्या मुदतीच घालून दिल्या आहेत : बियाण्याला 10 दिवस, लोखंडाला 1, ओझ्याच्या जनावराला 5, दुभत्याला 3, रत्नांना 7. त्या यादीत घर नाही. मात्र याच स्मृतीवर मिताक्षरा लिहिताना विज्ञानेश्वराने एक जुने वचन दिले आहे. जमीन सहा गोष्टींनी दुसऱ्याकडे जाते : गाव, भाऊबंद, शेजारी आणि वारसदार यांची अनुमती, शिवाय सोने आणि उदक. गावाची अनुमती कशाला? व्यवहार उघड व्हावा म्हणून. शेजाऱ्याची? शिवेचा तंटा उरू नये म्हणून.

पुढे 1882 चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा आला. त्याच्या 55 व्या कलमाने विकणाऱ्यावर दोन बंधने घातली. आपल्याला ठाऊक असलेला, पण घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही न कळणारा मोठा दोष त्याने सांगावा. आणि ताबा देईपर्यंत घर शहाण्या मालकासारखे राखावे. साधारण काळजीने जो दोष कळला असता, तो मात्र घेणाऱ्याच्या माथी. 2016 च्या रेरा कायद्याने नव्या इमारतींतील बांधकामाच्या दोषांसाठी बांधणाऱ्याला ताब्यापासून 5 वर्षे जबाबदार धरले. जुन्या घराला तो आधार नाही. म्हणून हा शेवटचा फेरा.

मी कौले पाहिली, वासे ठोकून पाहिले, आडात डोकावलो. सारे ठीक वाटले. परतणार तोच परसाच्या गडग्यापलीकडून शेजारच्या म्हातारीने विचारले, "मागची भिंत बघितलासा काय? दर पावसाळ्यात पाझरतीया."

हात लावला तो बोटांना ओला चुना आला. घरमालकाने मान खाली घातली. तो तिचा सख्खा पुतण्या होता.

सही आठ दिवस लांबली आणि दुरुस्तीपुरती किंमत उतरली. पुतण्या काकूशी बोलेनासा झाला. मला अवघडल्यासारखे होऊन मी तिला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "त्यो जातोय कोल्हापूरला. उद्यापास्नं शेजारी तुम्ही."

खरेदीखतात चतुःसीमा वाचल्या गेल्या. पश्चिमेस तिचे घर होते.