बैल सोडायची जागा

घोडे बदलून दौडणारी टपालगाडी आणि तिच्यासाठी रात्री दिवा लावून ठेवलेली सराई हे चित्र विलायती कादंबऱ्यांतलं. वेंगुर्ला–बेळगाव वाटेवरचा मुक्काम बैलांनी ठरवला.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा दहावा खंड, 'रत्नागिरी आणि सावंतवाडी', १८८० साली छापला गेला. बेळगावकडच्या मालाचं बंदर ही वेंगुर्ल्याची ओळख त्यात पक्की झालेली दिसते. वेंगुर्ला १८१२ पासून इंग्रजांकडे होतं, तर सावंतवाडीचा कारभार त्यांनी १८३८ मध्ये हाती घेतला. बेळगावला त्यांची छावणी होती. तिकडे जायला आधी रामघाट होता. तो भरल्या गाड्यांना फार खडा, म्हणून मग पारपोलीचा, म्हणजे आजचा आंबोली घाट आला.

आता हिशेब मांडू. भरली गाडी तासाला जेमतेम तीन किलोमीटर जाते. वेंगुर्ल्याहून सावंतवाडी सत्तावीस किलोमीटरांच्या आसपास. दुपारचा विसावा धरला तर पहाटे जुंपलेले बैल दिवेलागणीला तिथे पोचणार. दुसरा मुक्काम, माझ्या मते, दाणोलीला, कारण ते घाटाच्या पायथ्याशी आहे आणि दिवस कलल्यावर गाडी वर घालायचा शहाणपणा कोणी करणार नाही. आंबोली जवळजवळ सातशे मीटर उंचीवर. चढताना दर थांब्याला चाकामागे दगडाची उटी, बैलांच्या तोंडाला फेस, आणि वर पोचल्यावर आधी वैरण, मग माणसांची भाकरी.

साहेबासाठी बंगला आणि खानसामा असे. बाकीच्यांना धर्मशाळा: छप्पर, ओटा, तीन दगडांची चूल, शिधा आपला आपण आणायचा. धर्मशाळा सर्वांची म्हणायची पद्धत, पण विहिरीत पोहरा कोणी सोडायचा ते जात ठरवी. खाली येणाऱ्या गाड्यांत कापूस, वर जाणाऱ्यांत मीठ आणि नारळ. मिठागरं जवळच्या शिरोड्याला.

१८८८ च्या सुमारास रेल्वे मुरगावला भिडली आणि देशावरचा माल तिकडे वळला. दाणोलीला रात्र काढायचं कारणच गेलं. आंबोली टिकली ती कर्नल वेस्ट्रॉपसारख्या साहेबांना तिथली थंड हवा मानवली म्हणून; बैलांची सोय आता कोण बघतो! वेंगुर्ल्यात गाडीअड्डा हे नाव मात्र अजून चालतं. रिक्षावाल्याला तेवढं सांगितलं की पुरतं.