राजदूत : पोलंडची गाडी, दारव्ह्याचे हूक

ज्यांना पूर्ण भाग ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी हा लिहून देतोय. बोलताना जसा आला तसाच आहे, फक्त 'म्हणजे' थोडे कमी केलेत.

आजचा विषय राजदूत. एफएमवाली नाही, परराष्ट्र खात्यातली नाही, मोटरसायकल. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात, म्हणजे दारव्हा, दिग्रस, आर्णी, घाटंजी कुठल्याही भागात जा, एखाद्या गोठ्यात, कडब्याच्या मागे, ताडपत्रीखाली एक राजदूत सापडतेच. आमच्याकडेही होती. आजोबांनी 1974 मध्ये घेतलेली, नंतर काकांनी दुधाला चालवलेली, आणि मग वीसेक वर्षं नुसती उभी. मागच्या वर्षी ती पुन्हा रस्त्यावर आली. पण ती दुरुस्त करताना घरात एक भांडण झालं, आणि त्या भांडणासाठीच हा भाग केलाय. आधी इतिहास मात्र ऐकावा लागेल, नाहीतर भांडण कळणार नाही.

राजदूत मुळात पोलंडची. तिथल्या किएल्त्से शहरात लुडविकुफ नावाचा ओतकाम कारखाना होता. दुसऱ्या महायुद्धाआधी तिथे पोलिश सैन्यासाठी हेल्मेट आणि घोडदळाच्या तलवारी बनत. (हो, तलवारी! हे वाचलं तेव्हा मी दोनदा तपासलं.) त्याच कारखान्याने एसएचएल नावाने मोटरसायकली काढल्या. साठच्या दशकातली त्यांची एम 11 ही 175 सीसीची, टू-स्ट्रोक, एक सिलिंडरची साधी गाडी. तिचा परवाना घेऊन एस्कॉर्ट्स कंपनीने भारतात जी बनवली, ती राजदूत.

पोलंडच का? जपान का नाही? उत्तर इंजिनात नाही, परकीय चलनात आहे. तेव्हा आपल्याकडे डॉलर जपून वापरायचे दिवस होते. काय बनवायचं, किती बनवायचं, कुठून मशीन आणायची, सगळ्याला सरकारी परवाना. पूर्व युरोपातल्या देशांशी मात्र रुपयांत व्यापार चालायचा. म्हणून चेकोस्लोव्हाकियाची जावा म्हैसूरला बनू लागली आणि पोलंडची एसएचएल एस्कॉर्ट्सकडे आली. एस्कॉर्ट्सने ट्रॅक्टरसाठीसुद्धा पोलंडच्याच उर्सुसचा हात धरला होता. ही कंपनी 1944 मध्ये लाहोरात सुरू झालेली, फाळणीनंतर इकडची झालेली.

शहरात राजदूतला फार भाव नव्हता. बुलेटचा रुबाब वेगळा, येझदीचा आवाज वेगळा. 1973 च्या 'बॉबी'त ऋषी कपूर आणि डिंपल ज्या छोट्या राजदूतवर फिरले, ती जीटीएस 175 तरुणांत 'बॉबी' म्हणूनच ओळखली गेली. पण गावात चालली ती साधी राजदूतच. तीन गिअर, जाड पत्रा, आणि उघडायला सोपं इंजिन. टू-स्ट्रोकमध्ये व्हॉल्व्ह नाही, कॅमशाफ्ट नाही, टायमिंग चेन नाही. फिरणारे मुख्य भाग तीनच: पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्रँक. बाभळीखाली पोतं अंथरून मिस्त्री हेड खोलायचा आणि संध्याकाळी गाडी परत द्यायचा. जाहिरातीत धर्मेंद्र होता, पण गावात ही गाडी खपवली ती त्या पोत्यावर बसलेल्या माणसाने, असं माझं मत आहे.

मग 1985 च्या आसपास जपानी कंपन्यांच्या भागीदारीतल्या गाड्या आल्या. फोर-स्ट्रोक हीरो होंडा सीडी 100 राजदूतपेक्षा बरंच जास्त ॲव्हरेज द्यायची. एस्कॉर्ट्सने स्वतःच यामाहाबरोबर आरएक्स 100 काढली. 1991, 1996 आणि 2000 असे धुराचे नियम कडक होत गेले, आणि टू-स्ट्रोकचा जमाना आटोपला. 2001 मध्ये मोटरसायकलच्या धंद्यातला आपला उरलेला हिस्साही एस्कॉर्ट्सने यामाहाला देऊन टाकला.

इतिहास इथे थांबवू. आता गोठ्यात चला.

वीस वर्षं उभी गाडी म्हटल्यावर पहिला प्रश्न: पिस्टन जाम आहे का? होता. मी किकवर उभा राहायच्या बेतात होतो तेवढ्यात दारव्ह्याचे मिस्त्रीकाका म्हणाले, "जोर नको लावू भाऊ. तिले टाइम दे." प्लग काढून त्या भोकातून डिझेल ओतलं आणि चार दिवस गाडीला हात लावला नाही. पाचव्या दिवशी मागचं चाक हळूच मागेपुढे केलं, तर पिस्टन सुटला. सिलिंडरला गंजाचे ओरखडे होते, म्हणून लेथवर नवा बोअर मारून एक साइज मोठा पिस्टन बसवला. टाकीत गंज होता. तिच्यात नटबोल्ट आणि पेट्रोल घालून ती इतकी हलवली, की माझ्या दंडांना जिमची गरज उरली नाही.

सगळ्यात महत्त्वाचे निघाले क्रँकचे ऑइल सील. दहा-वीस रुपयांची वस्तू वाटते, पण टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये दाबलं जातं आणि मग वर जातं. सील सुकलं की तिथून फालतू हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि पिस्टन पुन्हा पकडतो. तुमच्या घरी अशी गाडी असेल तर आधी रंगाला पैसे घालू नका, सीलला घाला. आणि सगळी जुनी रबरं बदला. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, जुनं रबर त्यात टिकत नाही. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवा.

आता ते भांडण.

गाडीच्या मागच्या भागाला, थेट फ्रेमलाच, वेल्डिंग केलेले लोखंडी हूक आहेत. एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला दोन. दुधाचे कॅन लटकवायचे. काकांनी ऐंशीच्या दशकात दारव्ह्यात करून घेतलेले. मला ते कापायचे होते. कारण सांगतो. 2021 मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं उलटलेली गाडी, मूळ रूपात, चेसिस-इंजिनमध्ये मोठे फेरफार नसलेली, अशी असेल तर तिला 'व्हीए' अक्षरांचा खास नंबर मिळतो. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, 10 वर्षांची मुदत. 1974 ची गाडी बरोबर त्या रेषेच्या अलीकडे आली होती. मी मनातल्या मनात ती नंबरप्लेट लावूनही टाकली होती.

काका म्हणाले, "हूक कापशीन तर गाडी तुहीच ठेव. माही नाही ते."

मला आधी हा नुसता हट्ट वाटला. मग नियम नीट वाचला. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, पेट्रोल भरणं, एवढ्यापुरतीच रस्त्यावर. म्हणजे जी गाडी जन्मभर राबली तिला पास व्हायचं असेल, तर राबल्याच्या खुणा पुसायच्या आणि पुन्हा राबायचं नाही. मुंबईच्या एखाद्या बंगल्यात गादीवर ठेवलेल्या गाडीला हे सहज जमतं. यवतमाळच्या राजदूतला कसं जमणार? तिचा पिस्टन तीनदा बदललाय, सीट दिग्रसची आहे, केबल कुठल्यातरी दुसऱ्याच गाडीची. माझ्या ऑफिसात अशा जुन्या कोडला आम्ही हात लावत नाही. कुठली ओळ कोणी का टाकली ते कुठेच लिहिलेलं नसतं, पण ती काढली की काहीतरी बंद पडतं.

आणि 'मूळ रूप' तरी कुठलं? किएल्त्सेचं? कंपनीच्या शोरूममधलं? की पहाटे चारला चार कॅन घेऊन चिखलातून निघायचं ते? दोन बहिणींची लग्नं त्या हुकांवर झाली, हे काका कधी बोलून दाखवत नाहीत. आजी बोलते.

आपल्याकडे शकुंतला रेल्वेचं काय झालं ते बघा. यवतमाळ-मूर्तिजापूर नॅरोगेज, ब्रिटिश कंपनीने कापसासाठी टाकलेली. 1994 पर्यंत वाफेचं इंजिन ओढायचं, मग डिझेल आलं, आणि आता गाडीच बंद. तिचे फोटो सगळ्यांकडे आहेत. स्टेटसला ठेवायला बरे दिसतात.

तर हूक राहिले. आम्ही साधा रस्ता धरला. महाराष्ट्रात खाजगी गाडी 15 वर्षांनी आपोआप भंगारात जात नाही, हा गैरसमज आधी काढून टाका. तपासणी करून नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. आरटीओत पहिलं काम गाडीचं नव्हतं, कागदाचं होतं. जुनं हाताने लिहिलेलं आरसी बुक ऑनलाइन दिसतच नाही, त्याची बॅकलॉग एंट्री करावी लागते. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी जुळला पाहिजे, म्हणून चुकूनही दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवू नका. दुचाकीला पर्यावरण करही लागतो. 20 वर्षांवरच्या दुचाकीची नूतनीकरण फी 2025 पासून 2,000 रुपये. शिवाय उशिराच्या प्रत्येक महिन्याला 300 रुपये असा नियम आहे, तेव्हा आधी आपला हिशोब कार्यालयात विचारून घ्या. मला विचारू नका, प्रत्येकाचा वेगळा निघतो.

पीयूसीची मला जास्त भीती होती. पण 31 मार्च 2000 पर्यंतच्या दुचाकींना कार्बन मोनॉक्साइड 4.5 टक्क्यांपर्यंत चालतं, नव्यांपेक्षा मर्यादा सैल आहे. मिस्त्रीकाकांनी कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरवला आणि गाडी पास झाली.

तपासणीला अधिकाऱ्यांनी हॉर्न, ब्रेक, लाइट पाहिले, नंबर घासून पाहिले. मग मागे गेले, हुकांना हात लावला आणि विचारलं, "किती लिटर न्यायचे?"

काका म्हणाले, "ऐंशी."

आता गाडी काकांकडेच असते. मी पुण्याहून आलो की मला दारव्हा नाक्यापर्यंत मिळते, त्यापुढे नाही. पेट्रोलमागे लिटरला साधारण 40 मिली टू-टी ऑइल घालावं लागतं. प्रत्येक पंपावर ते मिळेलच असं नाही, म्हणून एक बाटली कायम सोबत असते. डाव्या बाजूच्या पुढच्या हुकाला, पिशवीत.