फाईलचं कूळ

कड्याच्या आडतीवर किंवा आष्टीच्या एखाद्या कृषी सेवा केंद्रात जुना संगणक बसतो, हार्डडिस्क दुरुस्तीवाल्याकडे जाते आणि तिच्यातून एक बॅकअप फाईल निघते. दहा-पंधरा वर्षांची उधारी, खतांचा साठा, शेतकऱ्यांची खाती, सगळं त्या एका फाईलीत. नव्या संगणकावर मात्र ती उघडत नाही. कोणत्या सॉफ्टवेअरच्या कोणत्या आवृत्तीनं ती केली, हे सांगणारा मुनीम केव्हाच बदललेला असतो. अशा वेळी फाईललाच विचारावं लागतं, आणि बहुतेक वेळा ती सांगते. फाईलनं आपली ओळख आपल्याच अंगावर वागवायची ही पद्धत पन्नास वर्षांहून जुनी आहे, आणि ती ओळख पटवण्यासाठी सुरू झालेलीच नव्हती.

1970 नंतरच्या काळात अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये पीडीपी-11 या यंत्रावर युनिक्स ही कार्यप्रणाली घडत होती. तिथल्या प्रत्येक प्रोग्रामच्या डोक्यावर सोळा बाइटांचा, म्हणजे त्या यंत्राच्या आठ शब्दांचा मथळा असे. प्रोग्राम केवढा, त्याचा डेटा केवढा, याची ती नोंद. मथळ्यातला पहिलाच आकडा 0407, अष्टमान पद्धतीतला. पीडीपी-11 ला हा आकडा चक्क आज्ञा म्हणून कळे: पुढचे सात शब्द ओलांडून जा. त्यामुळे अख्खी फाईल मेमरीत चढवून पहिल्या शब्दापासून चालवली, तरी यंत्र मथळा टाळून थेट कामाला लागे. पुढे मथळा वेगळा वाचायची सोय झाली. उडीची गरज संपली, आकडा मात्र राहिला आणि त्यावरून फाईल ओळखली जाऊ लागली. प्रोग्रामचे नवे प्रकार आले तसे 0410, 0411 हे आकडे ठरले. मॅजिक नंबर म्हणतात ते हेच. 1973 मध्ये युनिक्सच्या चौथ्या आवृत्तीत 'फाईल' नावाची आज्ञा आली. फाईलीच्या नावावर विश्वास न ठेवता ती आतले बाइट वाचून प्रकार सांगते. कॅनडातल्या इयान डार्विन यांनी 1986-87 च्या सुमारास ती नव्यानं लिहून सर्वांना खुली केली. लिनक्सवर आजही तीच चालते.

डेटाबेसमध्ये ही रीत सर्वांत सुबक दिसते ती डीबेसच्या फाईलीत. वेन रॅटलिफ यांनी घडवलेलं आणि अ‍ॅश्टन-टेट कंपनीनं विकलेलं हे सॉफ्टवेअर, आणि त्याच घडणीचं फॉक्सप्रो. आपल्याकडच्या कितीतरी हिशेबांचा संसार एके काळी या दोघांवर चालला. अशी डीबीएफ फाईल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे बाइट सोळामान पद्धतीत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, उघडली आणि सुरुवातीला 03 60 04 0C दिसलं, तर ते असं वाचायचं: 03 म्हणजे डीबेस-3 च्या घडणीची, मेमो (लांब मजकुराचा रकाना) नसलेली फाईल. 60 म्हणजे दशमानात 96, मग एप्रिल, मग 12. शेवटचा बदल 12 एप्रिल 1996 ला झाला. आष्टीकडच्या निजामकालीन कागदावर फसली 1357 दिसलं की जाणकार त्यात 590 मिळवून 1947-48 म्हणतो, तसे इथे 1900 मिळवायचे. मेमो असेल तर डीबेस-3 पहिल्या बाइटात 83 लिहितं आणि फॉक्सप्रो-2 लिहितं F5. मेमो नसला की दोघंही 03 च लिहितात, तिथे पहिल्या बाइटावरून निवाडा होत नाही.

टॅलीनं ओळख फाईलीच्या नावातच ठेवली. 7.2 चा डेटा .500, टॅली-9 चा .900. टॅली ईआरपी-9 नंही .900 च चालू ठेवलं, त्यामुळे पिढी कळते, नेमकी आवृत्ती नाही. शिवाय नाव कुणीही बदलू शकतं. खुणेची जागा फाईलीच्या आतच, असं माझं ठाम मत आहे.

एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस सॉफ्टवेअरची साधी .bak बॅकअप फाईल उघडली तर पहिली चार अक्षरं दिसतात TAPE अशी, रोमनमध्ये. बॅकअप टेपवर घ्यायच्या काळात ठरलेला हा साचा पुढे डिस्कवरही कायम राहिला. RESTORE HEADERONLY ही आज्ञा दिली की बॅकअप परत न चढवता आवृत्ती कळते: 8 म्हणजे 2000, 9 म्हणजे 2005, 10 म्हणजे 2008. हे आधी पाहिलेलं बरं, कारण नव्या आवृत्तीत घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तीवर चढतच नाही.

पण खूण नेमकं काय सांगते, तेही पाहावं लागतं. मोबाईलमधली बहुतेक अ‍ॅप्स ज्यात डेटा ठेवतात त्या एसक्यूलाइटच्या फाईलीत पहिल्या सोळा बाइटांत SQLite format 3 आणि शेवटी एक शून्य असतं. 96 व्या स्थानापासूनच्या चार बाइटांत 3008007 सारखा आकडा असतो, म्हणजे आवृत्ती 3.8.7. मात्र ही फाईल शेवटी लिहिणारी आवृत्ती, पहिल्यांदा तयार करणारी नव्हे. नव्या प्रोग्राममध्ये उघडून एक नोंद बदलली की जुना आकडा गेला. म्हणून आधी प्रत काढायची आणि जे काही करायचं ते प्रतीवरच.

एसक्यूएल सर्व्हरच्या मूळ डेटाबेसमध्ये, .mdf फाईलीत, दोन्ही आकडे जपलेले असतात. तिच्या 9 क्रमांकाच्या पानावर सध्याची आवृत्ती असते आणि जन्माचीही. 2008 मध्ये तयार होऊन पुढे 2016 वर आणलेल्या फाईलीत 2016 चा अंतर्गत आकडा 852 आणि त्याच्या सोबत 2008 चा 655 ही सापडतो.