सारा पुण्याला, पाद्री गोव्याचा

वसईचा इतिहास आपण बहुतेक वेळा किल्ल्याच्या तटावरून पाहतो. चिमाजी अप्पा, सुरुंग, तटाला पडलेली खिंडारे, मे १७३९ मधली शरणागती. हे सारे खरे आणि सांगण्यासारखेही आहे. पण तटाच्या बाहेर गावे होती, आणि किल्ला कोणाचाही असो, आतल्या शिबंदीच्या पोटात जाणारा भात त्यांच्याच शेतांतून येत होता. मला हा इतिहास त्यांतल्या एका गावातून, निर्मळमधून, पाहावासा वाटतो.

नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला, समुद्राच्या अलीकडे हे गाव आहे. केळी, नारळ, पानवेली, भाजी आणि फुले यांच्या वाड्या, आणि वाड्यांच्या मध्ये बावखले. बावखल म्हणजे पावसाचे पाणी धरून ठेवणारा मोठा खड्डा. त्यातले पाणी रहाटाने किंवा हाताने वाडीला द्यायचे, आणि जमिनीत मुरलेल्या पाण्याने आसपासच्या विहिरी गोड ठेवायच्या. समुद्र इतका जवळ असल्याने जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्यावर तरंगत असते. उपसा जास्त झाला की खारे वर येते. शेतकऱ्याला रोज राखावी लागणारी सीमा ही.

राजांची सीमा मात्र गावाला न विचारता फिरत राहिली. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना देऊन टाकली. हुमायूनची धास्ती होती आणि समुद्रावरून मदत हवी होती. म्हणजे उत्तरेकडच्या एका भांडणाची किंमत म्हणून कोकणातली ही गावे एका करारात दुसऱ्याची झाली. नव्या राज्यात गावे पोर्तुगीज सरदारांना आणि धर्मसंघांना लावून दिली जात. सरदारांना ती बहुधा तीन पिढ्यांच्या बोलीवर मिळत. १५५४ साली सिमाँव बोतेल्यो या अधिकाऱ्याने या मुलखाच्या उत्पन्नाची नोंदवही तयार केली. मुलूख हाती आल्यानंतर वीस वर्षांच्या आतच त्याचा हिशेब कागदावर आला होता.

त्या काळात निर्मळचे तीर्थ मोडले. शंकराचार्यांच्या परंपरेतल्या स्वामींची समाधी इथे आहे अशी श्रद्धा असल्याने हे जुने यात्रेचे ठिकाण. माणसांचेही दोन भाग झाले. काही ख्रिस्ती झाले, काही हिंदू राहिले. पण बोली वाटली गेली नाही. इथल्या सामवेदी ब्राह्मणांची आणि सामवेदी ख्रिस्ती, म्हणजे कुपारी, समाजाची कादोडी बोली आजही एकाच घरातली वाटते. 'कुपारी' हा शब्द पोर्तुगीज 'कोंपाद्रे'वरून, म्हणजे बाप्तिस्म्याच्या नात्यातून, आला असे मानतात. नाव परक्या भाषेतले आणि बोली घरची, ही गोष्ट मला इथल्या कोणत्याही शिलालेखाइतकी बोलकी वाटते.

१७३९ मध्ये वसई मराठ्यांची झाली. चर्चच्या घंटा विजयाच्या खुणा म्हणून दूरवर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली त्यांतलीच एक. सुभेदार शंकराजी केशव यांनी निर्मळचे देऊळ पुन्हा उभे केले आणि कार्तिक वद्य एकादशीची यात्रा भरू लागली. दप्तरातली पोर्तुगीज जाऊन मोडी आली. पण जे ख्रिस्ती मागे राहिले त्यांनी गाव सोडले नाही, आणि त्यांचे पाद्री पूर्वीसारखेच गोव्याच्या आर्चबिशपच्या कक्षेत राहिले. राज्य पेशव्यांचे, धर्माधिकार मात्र पोर्तुगीजांच्या राजधानीत.

पुढे तिसरी सत्ता आली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला आणि साष्टी बेट घेतले. डिसेंबर १७८० मध्ये जनरल गोडार्डने वसईही घेतली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई पेशव्यांना परत मिळाली, साष्टी इंग्रजांकडेच राहिली. तेव्हापासून १८१७ पर्यंत, पस्तीस वर्षे, वसईची खाडी ही दोन राज्यांमधली सीमा होती. अलीकडे नायगाव पेशव्यांचे, पलीकडे घोडबंदर कंपनीचे.

डिसेंबर १८०२ मध्ये दुसरा बाजीराव वसईलाच का आला, याचे उत्तर मला या खाडीत दिसते. हडपसरला यशवंतराव होळकरांकडून पराभव झाल्यावर त्याला स्वतःच्या राज्यातही राहायचे होते आणि इंग्रजांच्या हाकेच्या अंतरावरही. दोन्ही साधेल अशी जागा हीच होती. ३१ डिसेंबरला वसईचा तह झाला आणि पेशवाईचे स्वातंत्र्य संपले. कागदावर गावाचे नाव गाजले. किल्ल्यापासून दोन-तीन कोसांवरच्या निर्मळमध्ये ते दिवस पौषातले, म्हणजे वाडीला पाणी देण्याचे.

त्या पस्तीस वर्षांतल्या गावाचे चित्र मी मनाशी मांडून पाहतो तेव्हा ते असे दिसते. सारा पुण्याला, पाद्री गोव्याचा, आणि दक्षिणेला एका खाडीपलीकडे वाढत चाललेली कंपनीची मुंबई. तीन दिशांना बांधलेले हे गाव स्वतः मात्र कुठल्याच दिशेला गेले नाही. सीमेवरची गावे दुहेरी निष्ठेची असतात असा संशय नेहमी घेतला जातो. इथे निष्ठा एकाच गोष्टीवर दिसते, आणि ती म्हणजे पायाखालची जमीन. गावाने सीमा ओलांडली नाही, सीमाच गावावरून गेली. तरी 'तुम्ही मूळचे कुठले' हा प्रश्न या गावांतल्या ख्रिस्ती मराठी माणसाला आजही ऐकावा लागतो. उस्मानाबादच्या २०२० च्या साहित्य संमेलनासाठी शेजारच्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष निवडले गेले, तेव्हाही तो वेगळ्या शब्दांत विचारला गेला.

१८१७ मध्ये पेशव्यांनी उत्तर कोकण सोडले आणि खाडीवरची सीमा मिटली. १८६७ मध्ये विरारहून मुंबईला गाडी सुरू झाली. ज्या खाडीवर पहारे होते तिच्यावरून केळी, पाने आणि फुले जाऊ लागली. मग त्याच रुळांवरून उलट दिशेने शहर आले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हरित पट्टा बांधकामाला खुला होऊ लागला, तेव्हा दिब्रिटोंच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. विहिरींचे पाणी टँकरने इमारतींकडे नेण्याला गावांनी विरोध केला, कारण गोड्याखालचे खारे त्यांना ठाऊक होते. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार महानगरपालिका झाली आणि २९ गावांनी आपल्याला बाहेर ठेवा अशी मागणी केली. वाद वर्षानुवर्षे सरकारात आणि न्यायालयात राहिला.

याआधीच्या सीमा आल्या तेव्हा सारा घेणारा बदलला, वाडी राहिली. पोर्तुगीजांना भात हवा होता, पेशव्यांना सारा, मुंबईला भाजी. प्रत्येकाला शेतकरी शेतातच हवा होता. आताच्या सीमेला फक्त जमीन हवी आहे, आणि तीही बावखल बुजवून. बावखल बुजले की विहीर खारी होते, आणि खाऱ्या पाण्यावर पानवेल जगत नाही. कार्तिकी यात्रेत सुकेळी घेऊन बसणाऱ्या बाईला यातले कुठलेच साल माहीत असण्याची गरज नाही. तिला राजेळी केळीचा बाग आणि गोडे पाणी पुरे आहे. ते टिकले तर साडेचारशे वर्षांहून जुना हा इतिहास गावात राहील. नाही टिकले, तर तो पुन्हा किल्ल्याच्या तटावरूनच सांगावा लागेल.