रंगवलेल्या चुनखडीच्या मूर्तीसाठी कन्सॉलिडंट कसा निवडतात?

बर्लिनच्या नॉयेस म्युझियममधला नेफर्टिटीचा अर्धपुतळा तुम्ही फोटोत पाहिला असेलच. १९१२ साली इजिप्तमधल्या अमर्ना इथे सापडलेला हा पुतळा वरून एकसंध दिसतो. प्रत्यक्षात आत चुनखडीचा दगड, त्यावर जिप्समचा गिलावा (चेहऱ्यावर जेमतेम १ ते २ मिलिमीटर) आणि वर रंग आहे.

अशा मूर्तीचा दगड भुसभुशीत झाला किंवा रंगाचे पापुद्रे सुटू लागले, की आत मुरून सुटे कण बांधणारं द्रव्य वापरतात. तेच कन्सॉलिडंट.

मुख्य पर्याय

पॅरालॉइड बी-७२: अ‍ॅसिटोनमध्ये विरघळणारं अ‍ॅक्रिलिक रेझिन. पापुद्रे बसवायला उत्तम. पण दगडात खोल जात नाही, जास्त झालं तर रंग गडद आणि चकचकीत दिसतो. साधारण ४० अंश सेल्सिअसला मऊ पडतं, मग धूळ चिकटते.

इथिल सिलिकेट: पातळ असल्यामुळे खोल मुरतं आणि आत सिलिका तयार होते. वालुकाश्माशी ती घट्ट जुळते, चुनखडीतल्या कॅल्साइटशी मात्र नीट जुळत नाही. परत काढताही येत नाही.

नॅनोलाइम: अल्कोहोलमध्ये मिसळलेले चुन्याचे अतिसूक्ष्म कण. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे त्यांचं कॅल्शियम कार्बोनेट बनतं, म्हणजे दगडाचंच मूळ द्रव्य. तोटे: वर पांढरट झाक येऊ शकते आणि काही रंगद्रव्यांना अल्कली सोसत नाही.

निवड कशी करायची?

१. आधी क्षार तपासा. दगडात मीठ असेल आणि वरचा थर घट्ट केला, तर मिठाचे स्फटिक त्याच्या मागे वाढतात आणि रंगासकट अख्खी खपली ढकलून देतात.

२. रंग कशात कालवलाय ते बघा. प्राचीन इजिप्तमध्ये डिंक आणि सरस वापरत. दोन्ही पाण्याने सुटतात, त्यामुळे अमोनियम ऑक्झलेटसारखे पाण्यातले पर्याय तिथे धोक्याचे.

३. नेमकं काय सुटतंय? फक्त रंग असेल तर पॅरालॉइडचं पातळ द्रावण, दगड असेल तर आधी नॅनोलाइमचा विचार.

४. न दिसणाऱ्या कोपऱ्यात चाचणी घ्या.

लक्षात ठेवा, इथे अनडू बटण नाही. पॅरालॉइड ‘रिव्हर्सिबल’ म्हणतात खरं, पण छिद्रांत मुरलेलं सगळं बाहेर येत नाही, आणि काढताना रंगही जाऊ शकतो. म्हणून मूर्ती म्युझियममध्ये स्थिर असेल, तर कधीकधी फक्त हवेतली आर्द्रता सांभाळणं आणि काहीच न लावणं हाच योग्य निर्णय ठरतो.