मारिंबा आणि लयीचा वाद

एखादी रचना किती जलद वाजवावी आणि किती संथ, हें ठरविण्याचा अधिकार कोणाचा? ती लिहिणाऱ्याचा, कीं वाजविणाऱ्याचा? युरोपीय संगीतांत हा वाद गेलीं दोनशें वर्षें चालू आहे. आपल्याकडे चीज बांधणारा एक आणि गाणारा दुसरा असला, तरी विस्ताराचा सर्व भार गाणाऱ्यावरच असल्यामुळें या वादाची धार आपणांस सहसा जाणवत नाहीं. तेथें मात्र संपूर्ण रचना स्वरलिपींत उतरलेली असते, आणि वादकाच्या स्वातंत्र्यास जी थोडी जागा उरते तिच्यांत गति ही प्रमुख होय. पियानो व व्हायोलिन यांच्या संबंधांत या विषयावर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु मारिंबा या लाकडी वाद्याच्या एकल वादनांत हा वाद जितका निकराला येतो, तितका अन्यत्र क्वचितच येत असेल. असें कां व्हावें, हें पाहण्यासारखें आहे.

ज्यांनीं काष्ठतरंग पाहिला आहे त्यांना मारिंब्याची कल्पना सहज येईल. सुरांत मिळविलेल्या लाकडी पट्ट्या पियानोच्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांप्रमाणें दोन रांगांत मांडलेल्या, प्रत्येक पट्टीखालीं एक उभी नळी, आणि टोकाला सूत किंवा लोकर गुंडाळलेल्या काठ्यांनीं केलेला आघात, असें त्याचें स्थूल रूप आहे. त्याचें नांव आफ्रिकेंतील बांतू भाषांतलें आहे, आणि तेथून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांबरोबर हें वाद्य मध्य अमेरिकेंत पोंचलें असें पुष्कळ अभ्यासक मानतात. ग्वातेमालांत तें लोकजीवनाशीं इतकें एकरूप झालें कीं १९७८ सालीं त्या देशानें त्यास राष्ट्रीय वाद्याचा मान दिला. तेथील मोठ्या मारिंब्यापुढें तीन-चार वादक ओळीनें उभे राहतात, आणि सुरावट, साथ व खर्ज हीं कामें आपसांत वांटून घेतात.

एकटा वादक त्यापुढें उभा राहिला तो विसाव्या शतकांत. शिकागो येथील डीगन यांच्या कारखान्यानें या वाद्यास मैफलीच्या योग्य असें रूप दिलें. १९४० सालीं न्यूयॉर्क येथें पॉल क्रेस्टन यांनीं मारिंबा व वाद्यवृंद यांसाठीं लिहिलेली रचना रूथ स्ट्यूबर यांनीं प्रथम वाजविली. १९५६ सालीं व्हिडा चेनोवेथ यांनीं त्याच शहरांतील टाऊन हॉलमध्यें केवळ मारिंब्याची मैफल केली. १९६८ मध्यें तोक्योच्या केइको आबे यांनीं जपानी रचनाकारांच्या नव्या कृती घेऊन वादन केलें; मिनोरू मिकी यांची ‘टाइम फॉर मारिंबा’ ही रचना त्याच सालची. सारांश, मारिंब्याच्या एकल वादनाची परंपरा एका मनुष्याच्या आयुष्याहून फारशी मोठी नाहीं. पियानोवादकाला आपल्या गुरूचा गुरु कसा वाजवीत असे हें सांगतां येतें. मारिंबावादकाच्या मागें असें घराणें उभें नाहीं. त्याला गतीचा निर्णय स्वतःच करावा लागतो.

आतां या वाद्याची मुख्य अडचण पाहूं. सारंगीवर गज फिरत आहे तोंपर्यंत स्वर जिवंत असतो. बासरींत श्वास आहे तोंपर्यंत असतो. मारिंब्याचा स्वर आघाताबरोबर जन्मतो आणि त्याच क्षणापासून विरूं लागतो. खर्जांतील पट्टीचा नाद कांहीं काळ रेंगाळतो, वरच्या सप्तकांतला पाहतां पाहतां नाहींसा होतो. पट्टीखालच्या नळीमुळें नाद लांबत असेल असें प्रथमदर्शनीं वाटतें. पण वस्तुस्थिति उलट आहे. नळी पट्टींतील शक्ति त्वरेनें हवेंत सोडते. त्यामुळें स्वर मोठा होतो, परंतु त्याचें आयुष्य घटतें. यावर वादकांनीं काढलेला उपाय म्हणजे एकाच स्वरावर दोन काठ्यांनीं जलद आघात करीत राहणें. त्यास ते ‘रोल’ म्हणतात. त्यानें सलग स्वराचा भास होतो, पण तो भासच. त्या स्वराच्या पोटांत एक अस्वस्थ थरथर राहतेच. पुढें ली हॉवर्ड स्टीव्हन्स यांनीं एका हातांतील दोन काठ्यांनींच रोल करण्याची रीति विकसित केली आणि १९७९ सालच्या आपल्या ग्रंथांत हातांच्या हालचालींचें शास्त्र मांडलें. उपाय वाढले, मूळ अडचण मात्र लाकडाच्या स्वभावांतच राहिली.

हा वाद समजण्यासाठीं दुसरा एक इतिहास ध्यानांत घेतला पाहिजे. अठराव्या शतकांत गतीला आंकडा नव्हता. क्वांट्स या बासरीवादकानें १७५२ सालच्या आपल्या ग्रंथांत मनुष्याच्या नाडीवरून गति मोजण्यास सांगितलें, आणि मिनिटास सुमारें ८० ठोके हें प्रमाण धरलें. जेथें नाद घुमतो अशा मोठ्या जागेंत फार जलद वाजविल्यास आनंदापेक्षां गोंधळच अधिक होतो, असा इशाराही त्यानें देऊन ठेवला आहे. पुढें ॲम्स्टरडॅमच्या विंकेलची मूळ युक्ति उचलून मेल्त्सेल यानें १८१५ सालीं मेट्रोनोमचें पेटंट घेतलें. बीथोव्हेननें १८१७ सालीं आपल्या आठ सिंफनींचे आंकडे छापून प्रसिद्ध केले. त्याच सुमारास हाती घेतलेल्या ‘हामरक्लाव्हिअर’ या विख्यात सोनाटाच्या आरंभीं त्यानें मिनिटास १३८ ठोके अशी गति लिहिली. ती इतकी जलद आहे कीं पुष्कळ थोर पियानोवादक त्याहून बरेंच संथ वाजवितात, आणि बीथोव्हेनचें यंत्रच बिघडलेलें असावें असाही तर्क कित्येकांनीं केला आहे. तथापि याच बीथोव्हेननें एका गीताच्या हस्तलिखितावर आंकडा लिहून, हा केवळ पहिल्या कांहीं मात्रांपुरता समजावा, कारण भावनेलाही स्वतःचें माप असतें, अशा आशयाची पुस्ती जोडली आहे. विसाव्या शतकांतील बार्तोक हा आंकड्यांच्या बाबतींत अतिशय काटेकोर होता. तरीही त्यानें स्वतः केलेल्या ध्वनिमुद्रणांत त्याची गति छापील आंकड्यांशीं सर्वत्र जुळत नाहीं. तात्पर्य, आंकडा हा रचनाकाराचा हुकूम न मानतां त्याची साक्ष मानणें अधिक सयुक्तिक होय. साक्ष मोलाची असते, पण ती तपासून घ्यावी लागते.

आंकडाच नसेल तेथें काय करावें? मारिंबावादक पुष्कळदां बाखच्या रचना वाजवितात, आणि खरा पेंच तेथेंच पडतो. बाखनें १७२० च्या सुमारास चेलो या गजाच्या वाद्यासाठीं सहा सुइट लिहिले. त्याच्या हातची मूळ प्रत आज उपलब्ध नाहीं. त्याची पत्नी आन्ना माग्डालेना हिनें केलेली नक्कल हा मुख्य आधार. तींत गतीचा आंकडा असणें शक्यच नव्हतें; आहेत तीं बहुतांशीं नृत्यांचीं नांवें. पांचव्या सुइटमधील साराबांद हें त्यांपैकीं एक. साराबांद म्हणजे तीन मात्रांचें गंभीर नृत्य. या विशिष्ट साराबांदांत एकही स्वरसंघात नाहीं. एकटी, उघडी सुरावट एकेक पाऊल टाकीत जाते. चेलोवर गज त्या प्रत्येक पावलाला आधार देतो. मारिंब्यावर तीच सुरावट संथ वाजवावी, तर दोन स्वरांमध्यें रिकामी जागा पडते. रोल करावा, तर उघडेपणा जाऊन थरथर येते. जलद वाजवावी, तर सुरावट जुळते, पण साराबांदाचें गांभीर्य हरपतें.

येथें दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, रचना चेलोसाठीं आहे; चेलोची गति हीच तिची गति, आणि ती ज्या वाद्यास पेलत नाहीं त्यानें ती वाजवूं नये. दुसरा म्हणतो, वाद्य बदललें कीं गतिही बदलणारच; बाखनें स्वतः एका वाद्याच्या रचना दुसऱ्या वाद्यावर नेल्याच आहेत. दुसऱ्या पक्षांतील जलद गतीचे अभिमानी आणखी एक पुरावा पुढें करतात. १७५४ सालीं प्रसिद्ध झालेल्या, आणि ज्यांत बाखच्या मुलाचा हात होता त्या मृत्युलेखांत, बाख बहुधा चैतन्यपूर्ण गति घेत असे असें म्हटलें आहे. पुरावा अस्सल आहे. पण तो कशाविषयीं आहे हें कोणी पाहत नाहीं. तें वाक्य वाद्यवृंद चालविणाऱ्या बाखविषयीं आहे. एकट्या चेलोच्या साराबांदाविषयीं नव्हे. आपल्याकडे ऐतिहासिक कागदांवर वाद घालणाऱ्यांस ही चूक चांगली परिचित आहे. एका मोहिमेच्या पत्रांतील वाक्य उचलून दुसऱ्या मोहिमेस लावलें, म्हणजे कागद अस्सल असूनही निष्कर्ष खोटा ठरतो.

आम्हांस पहिल्या पक्षाचा निषेध आणि दुसऱ्याची मोकळीक, हीं दोन्ही सारखींच अपुरीं वाटतात. कारण चेलोवरही सर्वमान्य अशी एक गति नाहीं. कासाल्स यांनीं १९३६ ते १९३९ या काळांत हे सहाही सुइट ध्वनिमुद्रित केल्यानंतरच्या वादकांत गतीची केवढी तरी विविधता आढळते. उलटपक्षीं, वाद्याला जें सोयीचें तेंच योग्य असें मानलें, तर मारिंबा प्रत्येक रचनेला घाईंत लोटील. लाकडावर चपळाई तुलनेनें सोपी आहे आणि ती टाळ्याही मिळविते. अवघड आहे तें स्वरास विरूं देणें. तरुण वादकाच्या जलद गतीमागें पुष्कळदां उत्साहापेक्षां निःशब्दतेची भीति अधिक असते.

विलंबित ख्याल ऐकलेल्या वाचकास येथें एक शंका येईल. इंदूरच्या अमीरखाँसारख्या गायकांनीं अतिविलंबित लय पेलली, तर लाकडी वाद्यास ती कां पेलूं नये? फरक असा कीं आपल्या विलंबितांत गायक थांबला तरी तंबोरा थांबत नाहीं, आणि ठेक्याची चौकट मागें उभी असते. एकल मारिंब्याच्या मागें कांहींच नसतें. तेथील मौन हें खरेंखुरें मौन असतें, आणि लयीचा धागा केवळ वादकाच्या मनांत व श्रोत्याच्या अपेक्षेंत टिकतो.

म्हणून या वादाचा निकाल आंकड्यानें लागणार नाहीं, आणि ‘ज्याची त्याची आवड’ म्हणूनही तो टाळतां येणार नाहीं. वादकानें तीन साक्षी घ्याव्या: लिहिलेली खूण काय सांगते, लाकडाचा स्वर किती जगतो, आणि ज्या दालनांत तो वाजवीत आहे तेथें तो किती घुमतो. या तिन्ही साक्षी जेथें एकमेकींस खोटें पाडीत नाहींत, तेथें त्या दिवसाची गति सांपडते; ती उद्यां दुसऱ्या दालनांत किंचित् निराळी असेल. हें स्वातंत्र्य आहे, पण जाब देण्यास बांधलेलें. साराबांदाचा एक स्वर विरून दुसरा उमटेपर्यंतचा क्षण जो वादक न घाबरतां मोकळा ठेवूं शकतो, त्याच्या हातीं हें वाद्य चेलोची नक्कल करण्याचें सोडून आपल्या स्वतःच्या आवाजांत बोलूं लागतें.